पेण-रोह्याचा शेजार : तुर्भें येथील अणुभट्ट्या व किरणमापनाचीं अस्सल साधनें

१. प्रास्ताविक

कुलाबा प्रांताच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, निवाडपत्रें, खाजणांच्या बांधबंदिस्तीचे कागद, मिठागरांचे हिशेब आणि आंग्रे व सिद्दी यांच्या दफ्तरांतील पत्रें उभीं राहतात. पेण आणि रोहें या दोन तालुक्यांतील जुन्या घरांच्या माळ्यांवरून असे रुमाल निघत आलेले आहेत, व ते वाचण्यांत आपल्या मंडळींची हयात गेली आहे. प्रस्तुत लेखांत मात्र आम्ही अगदीं निराळ्या जातीच्या एका साधनाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. अणुभट्टींत इंधन जळत असतां त्यांतून निघणाऱ्या किरणांचें जें मोजमाप होतें, त्याच्या नोंदी हें तें साधन होय.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, पेण किंवा रोहें तालुक्यांत अणुभट्टी नाहीं व कधीं नव्हती. परंतु या विषयाचा या प्रांताशीं संबंध नाहीं असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. हिंदुस्थानांतील पहिल्या अणुभट्ट्या मुंबई बेटाच्या पूर्व अंगास तुर्भें येथें उभारल्या गेल्या. तुर्भें आणि कुलाब्याचा किनारा यांच्यामध्यें काय ती खाडी आहे, आणि त्या पाण्यांतील घारापुरीचें बेट याच जिल्ह्यांत मोडतें. १ जानेवारी १९८१ रोजीं या जिल्ह्याचें नांव रायगड असें झालें. आम्ही पूर्वींच्या काळासंबंधीं लिहितांना जुनेंच नांव वापरितों. पुढें याच जिल्ह्यांत अलिबागजवळ थळ येथें अणुभट्ट्यांस लागणारें जड पाणी तयार करण्याचा कारखाना १९८७ सालीं सुरू झाला.

आणखी एक योग येथें नमूद करण्यासारखा आहे. पेण तालुक्यांतील गागोदें येथें विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजीं जन्मले. ज्यांचें घर रोह्याचें, ते चिंतामणराव देशमुख महाडजवळ नातें येथें १४ जानेवारी १८९६ रोजीं जन्मले. या दोन जन्मांच्या मध्यें, ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींत रंटजेन यास क्ष-किरण सांपडले. आणि १ मार्च १८९६ रोजीं पॅरिस येथें बेकरेल यानें खणांत ठेविलेली छायाचित्राची कांच धुऊन पाहिली, तों युरेनियमच्या क्षारानें उन्हाची मदत नसतांहि तिच्यावर आपला ठसा उमटविलेला आढळला. हे चारहि दिवस एकाच शके १८१७ मधील आहेत. बेकरेलची ती कांच हाच इंधनाच्या किरणांचा पहिला लेख होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें ३ ऑगस्ट १९५४ रोजीं अणुशक्ति खातें स्थापन झालें आणि तुर्भ्यास पहिली भट्टी उभी राहूं लागली, तेव्हां मध्यवर्ती सरकारचे अर्थमंत्री चिंतामणराव हेच होते. एवढ्यावरून अधिक अनुमान काढणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं; योग तेवढा नोंदून ठेवितों.

२. तारखांचा घोळ

तुर्भ्याच्या पहिल्या भट्टीची जन्मतारीख कोणी ४ ऑगस्ट १९५६ देतात, तर कोणी २० जानेवारी १९५७ देतात. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण त्या दोन निराळ्या प्रसंगांच्या आहेत. शनिवार, ता. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं दुपारीं ३ वाजून ४५ मिनिटांनीं भट्टींतील विखंडनाची सांखळी प्रथम आपली आपण चालूं लागली. २० जानेवारी १९५७ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तुर्भ्याच्या संस्थेचें समारंभपूर्वक उद्घाटन झालें. पाण्यांत दिसणाऱ्या निळसर प्रभेवरून भट्टीस 'अप्सरा' हें नांव नेहरूंनींच दिलें, असें सांगतात. दुसरी भट्टी 'सायरस' कॅनडाच्या साह्यानें उभारली गेली व तिच्यासाठीं जड पाणी अमेरिकेनें दिलें. तिच्याहि बाबतींत असाच घोळ आढळतो. ती १० जुलै १९६० रोजीं चालू झाली. उद्घाटन मात्र १६ जानेवारी १९६१ रोजीं झालें. किल्ल्याचा पाया घातल्याचा दिवस आणि वास्तुशांतीचा दिवस यांत जो फरक, तोच हा होय.

दुसरा घोळ 'स्वदेशी' या शब्दाचा आहे. अप्सरा ही सर्वस्वीं स्वदेशी होती असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तिची आंखणी, बांधणी, आणि विशेषतः नियंत्रणाचीं व मापनाचीं विद्युत्-यंत्रें हीं येथील माणसांनीं केलीं, हें खरें. या यंत्रांच्या कामांत अ. सां. राव यांच्या हाताखालील मंडळींचा वांटा मोठा होता, व त्याच परंपरेंतून पुढें १९६७ सालीं हैदराबादचा इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा सरकारी कारखाना निघाला. परंतु इंधन, म्हणजे समृद्ध युरेनियमच्या पट्ट्या, इंग्लंडहून आल्या होत्या. म्हणजे मोजणारे येथले होते व मोजावयाची वस्तु परदेशची होती. आम्हांस यांत कमीपणा दिसत नाहीं. उलट, त्या पिढीनें प्रथम मापनाचें शास्त्र हातीं घेतलें, इंधन पुढें केलें. आणि सायरससाठीं इंधनाच्या कांड्या तुर्भ्यासच होऊं लागल्या.

३. तीन वाजून पंचेचाळीस मिनिटें म्हणजे काय

इतिहासाच्या अभ्यासकास या वेळेविषयीं एक प्रश्न पडला पाहिजे : ती कोणी पाहिली? लढाईचा वेळ डोळ्यांनीं पाहिलेला असतो. भट्टी 'चालू' झाली हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. कांहीं धूर निघत नाहीं, आवाज होत नाहीं. आरंभींची शक्ति इतकी अल्प असते कीं पाणीहि तापत नाहीं.

अशा प्रसंगीं रीति अशी असते. भट्टीच्या गाभ्यांत न्यूट्रॉन सोडणारा एक लहानसा उगम ठेवितात, व जवळ न्यूट्रॉन मोजणारी नळी ठेवितात. या नळींत बोरॉनयुक्त वायु असतो. न्यूट्रॉन बोरॉनमध्यें शिरला कीं आल्फा कण बाहेर पडतो, वायूंत विद्युद्भार उत्पन्न होतो, आणि एक ठोका नोंदला जातो. मग इंधन थोडें थोडें वाढवीत जातात. प्रत्येक वेळीं ठोके वाढतात. त्या ठोक्यांचा व्यस्तांक कागदावर मांडिला असतां बिंदूंची रेघ हळूहळू शून्याकडे उतरूं लागते. ती शून्यास जेथें मिळेल असें दिसतें, तितकें इंधन पुरेसें, हें अगोदरच कळतें. शेवटीं उगम काढून घेतला तरीहि ठोके कमी होत नाहींत, तेव्हां सांखळी आपल्या बळावर चालली असें ठरतें.

तात्पर्य, ज्या क्षणास आपण इतिहास म्हणतों तो क्षण मापनाखेरीज अस्तित्वांतच नसतो. ठोक्यांची यादी, ती रेघ, आणि घड्याळाकडे पाहून वहींत लिहिलेली वेळ, एवढाच त्याचा पुरावा असतो. असा कागद गहाळ झाला तर उरते ती केवळ आख्यायिका.

४. तीन साक्षी

भट्टी चालूं लागल्यावर तिच्या इंधनांत प्रत्यक्ष किती विखंडनें होत आहेत हें कसें ठरवावें? इंधनाच्या पोटांत हात घालतां येत नाहीं. म्हणून तीन साक्षी घेतात, आणि त्यांचा मेळ बसवितात. आपणहि समकालीन पत्र, जमाखर्च आणि मागाहून लिहिलेली बखर यांचा मेळ घालतों; रीति तीच आहे.

पहिली साक्ष समकालीन पत्राची, म्हणजे न्यूट्रॉनमापकांची. ती तत्काळ मिळते, पण जेथें मापक आहे तेथलीच गोष्ट ती सांगते. एखाद्या वकिलाचें पत्र पुण्याची हालहवाल बिनचूक देतें, पण साताऱ्याचें त्यास ठाऊक नसतें, तसेंच हें आहे. म्हणून मोठ्या भट्ट्यांत गाभ्याच्या आंत ठिकठिकाणीं मापक बसवितात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत (१९६९) आंतील बारीक विखंडन-पेट्यांवरून हें काम चालत आलें. तेथील तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांत, ज्या २००५ व २००६ या सालीं प्रथम चालू झाल्या, स्वतःच विद्युत्प्रवाह उत्पन्न करणारे कोबाल्ट व व्हॅनेडियम यांचे तारेसारखे मापक आहेत. कोबाल्ट तत्काळ बोलतो. व्हॅनेडियमचा किरणोत्सारी झालेला अंश पावणेचार मिनिटांत निम्मा होतो, म्हणून त्याचें सांगणें उशिराचें, पण नेमकें असतें. त्यामुळें कोबाल्टकडे नियंत्रणाचें आणि व्हॅनेडियमकडे सर्व गाभ्याचा नकाशा काढण्याचें काम दिलेलें आहे.

दुसरी साक्ष जमाखर्चाची, म्हणजे उष्णतेची. किती पाणी आंत गेलें, तें किती अंशांनीं तापून बाहेर आलें, याचा गुणाकार केला कीं एकूण शक्ति निघते. एका विखंडनांत ठराविक ऊर्जा मिळते. तीवरून असा हिशेब बसतो कीं, एक वॅट शक्तीसाठीं दर सेकंदास सुमारे ३१०० कोटि विखंडनें झालीं पाहिजेत. सायरससारखी ४० मेगावॅटची भट्टी पूर्ण शक्तीनें दिवसभर चालली, तर सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे साडेतीन तोळ्यांच्या आसपास, जड मूलद्रव्य खर्चीं पडतें. ही साक्ष मंद आहे, व कोणत्या कांडींत किती जळलें हें एकट्या तिच्यावरून कळत नाहीं. पण एकंदर रकमेंत ती फसवीत नाहीं. म्हणून न्यूट्रॉनमापकांचे आंकडे वेळोवेळीं उष्णतेच्या हिशेबाशीं पडताळून दुरुस्त करितात.

तिसरी साक्ष बखरीची, म्हणजे इंधनांत मागें राहिलेल्या विखंडन-द्रव्यांची. तिचा विचार पुढें सहाव्या कलमांत केला आहे.

५. खोटा साक्षीदार आणि फुटकें कवच

समकालीन साक्षींतहि खोट असूं शकते. कांहीं दिवस जळलेल्या इंधनांतून विखंडन-द्रव्यांचे गॅमा किरण इतके निघतात कीं, भट्टी बंद केल्यावरहि ते थांबत नाहींत. विद्युद्भार मोजणारी साधी पेटी न्यूट्रॉन कोणता व गॅमा कोणता हें ओळखीत नाहीं. मग भट्टी निजलेली असतां ती जागी आहे असें कांटा सांगूं लागतो. यावर उपाय मोठ्या खुबीचा आहे. एकाच मापकांत दोन पेट्या करितात; एकीस आंतून बोरॉनचा लेप देतात, दुसरीस देत नाहींत. पहिली न्यूट्रॉन व गॅमा दोन्ही मोजते, दुसरी गॅमा मात्र मोजते. दोहोंचे प्रवाह परस्परांविरुद्ध जोडले कीं गॅमाची वजावट होऊन निव्वळ न्यूट्रॉन उरतात. दोन प्रतींत समान असलेला प्रक्षेप वगळून मूळ संहिता काढावी, तशीच ही क्रिया आहे.

दुसरा फसवा साक्षीदार खुद्द पाणी होय. गाभ्यांतून जातांना पाण्यांतील ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१६ बनतो. त्याचे गॅमा किरण अति तीव्र असतात. पण सात सेकंदांहून किंचित् अधिक काळांत तो निम्मा होतो. नळांतील पाणी किरण टाकीत आहे एवढ्यावरून इंधनाचें कवच फुटलें असा निष्कर्ष काढणारा मनुष्य चुकेल. पाण्यास थोडा वेळ वाटेंत रेंगाळूं दिलें कीं हा साक्षीदार आपोआप गप्प होतो. मग जो बोलेल त्याचें ऐकावें.

कवच खरोखर फुटलें आहे हें कळण्याचा मार्ग असा कीं, विखंडन-द्रव्यांपैकीं ब्रोमीन व आयोडीन यांचे कांहीं अंश जन्मल्यानंतर कांहीं सेकंदांनीं स्वतः न्यूट्रॉन सोडतात. ब्रोमीन-८७ हा सुमारे ५५ सेकंदांत निम्मा होतो. भट्टीच्या बाहेर, गाभ्यापासून दूर नेलेल्या पाण्यांत असे विलंबित न्यूट्रॉन सांपडले, तर ते कोठून तरी भेग पडल्याखेरीज आले नाहींत. एका कांडींतील केसाएवढी चीर अशा रीतीनें बाहेरच्या नळांत ओळखतां येते. ही गोष्ट केवळ यंत्रकौशल्याची नाहीं. सायरसमधील युरेनियमच्या कांड्यांस अल्युमिनियमचें पातळ कवच होतें. तें फुटून जें पाण्यांत उतरेल, तें आटोक्यांत न ठेविल्यास अखेर त्याच खाडीकडे जाणार, जिच्या पलीकडे आमच्या आगरी-कोळी बांधवांचीं जाळीं पडतात. तुर्भ्याच्या संस्थेंतील मंडळींनीं बंदराचें पाणी, चिखल व मासळी यांची परीक्षा आरंभापासून चालविली, ती याच कारणानें. भट्टीच्या आंतील मापन व खाडींतील मापन हीं एकाच हिशेबाचीं दोन टोकें आहेत.

या संबंधांत आमच्या प्रांताविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पेण-रोह्याचे डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे आहेत, आणि या पाषाणांत युरेनियम व थोरियम यांचा अंश थोडा असतो. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूशीं तुलना केली तर आमच्या भूमीचें स्वाभाविक किरणमान फारच कमी आहे. कोऱ्या कागदावर शाईचा लहान ठिपकाहि दिसतो. तद्वत् अशा भूमींत बाहेरून आलेली भर ओळखणें तुलनेनें सुकर असतें. मात्र त्यासाठीं कागद कोरा होता तेव्हांची नोंद हातीं असली पाहिजे.

६. इंधन हाच लेख

आतां तिसरी साक्ष. भट्टींतून काढलेली कांडी जाड शिशाच्या आड ठेवून तिचे गॅमा किरण पारखले, तर प्रत्येक द्रव्य आपल्या विशिष्ट ऊर्जेनें ओळखूं येतें. सीझियम-१३७ हा सुमारे ३० वर्षांत निम्मा होतो. म्हणून तो कांडीच्या सर्व आयुष्याचा ताळेबंद सांगतो. बेरियम-१४० हा पावणेतेरा दिवसांत निम्मा होतो. त्याच्यापासून झालेल्या लॅन्थेनमचे किरण केवळ शेवटच्या कांहीं आठवड्यांची रोजकीर्द दाखवितात. निओडिमियम-१४८ तर किरणच सोडीत नाहीं व क्षीणहि होत नाहीं. रासायनिक रीतीनें त्याचें वजन काढलें कीं एकंदर किती जळलें याचा उत्तम पुरावा मिळतो. दीर्घ स्मृतीचा व ऱ्हस्व स्मृतीचा साक्षीदार एकत्र तपासला, म्हणजे इंधन केव्हां व किती तापलें होतें याची कालानुक्रमें उकल होते.

हा लेख किती टिकतो याचें सर्वांत मोठें उदाहरण आफ्रिकेंतील गॅबोन देशांत ओक्लो येथें मिळालें. १९७२ सालीं फ्रान्समधील पिएरलात येथें तेथील युरेनियम तपासतांना युरेनियम-२३५ चें प्रमाण शेंकडा ०.७२०२ ऐवजीं ०.७१७१ आढळलें. फरक एवढासा, पण परीक्षकांनीं तो सोडला नाहीं. शोध करितां निओडिमियम आदि विखंडन-द्रव्यांचे अवशेष सांपडले, व सुमारे २०० कोटि वर्षांपूर्वीं त्या खाणींत निसर्गतःच अणुभट्टी चालली होती असें सिद्ध झालें. तेथें नळी नव्हती, कांटा नव्हता, वही नव्हती. इंधनानेंच आपली बखर लिहून ठेविली होती.

पुराणवस्तु-संग्राहकांस याच वर्गांतील एक साधन परिचयाचें आहे. भट्टीवर काम करणाऱ्या माणसांच्या छातीवर पूर्वीं छायाचित्राच्या फितीचा बिल्ला असे. पुढें त्या जागीं तापविल्यावर प्रकाशणाऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या आल्या. मिळालेल्या किरणांची ऊर्जा स्फटिकांत अडकून राहते व उष्णता लागतांच प्रकाशरूपानें बाहेर येते. उत्खननांत सांपडलेल्या खापरांचें वय याच तत्त्वानें काढतात, कारण खापरांतील वाळूचे कण आव्यांत भाजल्या दिवसापासून भूमीच्या किरणांची जमा करीत असतात. कुंभाराचें खापर आणि तुर्भ्याच्या कामगाराचा बिल्ला हे दोघेहि एकाच जातीचे हिशेबनीस आहेत.

७. हिशेबाचें महत्त्व

वाचक विचारतील, इतक्या बारकाव्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, इंधन किती काळ व किती तीव्रतेनें भट्टींत राहिलें, यावरून त्यांत किती व कोणत्या प्रतीचें प्लुटोनियम झालें हें ठरतें. थोडा काळ ठेविलेल्या इंधनांत प्लुटोनियम-२३९ अधिक शुद्ध मिळतें. अधिक काळ ठेविल्यास त्यांत प्लुटोनियम-२४० मिसळत जातें. १८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें जो स्फोट झाला त्यास लागलेलें प्लुटोनियम सायरसच्या इंधनांतून आलें, हें आतां सर्वमान्य आहे. आणि त्यावरून कॅनडानें अणुविषयक सहकार्य थांबविलें. म्हणजे ज्या नोंदी एका खोलींतील कांट्यांवरून उतरल्या जात होत्या, त्यांवर राष्ट्राराष्ट्रांचे तह मोडले. सायरसचा भावी इतिहासकार पक्षपाताच्या लेखांवर विसंबून राहणार कीं मूळ मोजमापांवर, हा प्रश्न म्हणून लहान नाहीं.

८. साधनांची अवस्था व संग्राहकांस विनंति

मूळची अप्सरा २००९ सालीं कायमची थांबली. तिच्या जागीं नवी, सुधारलेली अप्सरा १० सप्टेंबर २०१८ रोजीं चालू झाली. सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजीं बंद झाली. जुन्या भट्ट्यांची साक्ष आतां कागदांतच राहिली आहे, आणि हे कागद जुन्या जुन्नरी कागदाइतके टिकाऊ नव्हेत. कांट्याच्या लेखणीनें गुंडाळीवर उमटलेली रेघ कांहीं दशकांत फिकी होते. उष्णतेनें छापलेला कागद त्याहून लवकर कोरा पडतो. चुंबकीय फितीवरील मजकूर फीत शाबूत असूनहि वाचणारें यंत्र नसल्यामुळें मुका होतो. शिवाय नुसता आंकडा टिकून भागत नाहीं. तो कोणत्या मापकानें घेतला, त्या मापकाची पारख केव्हां व कशाशीं ताडून केली, तो गाभ्यांत कोठें होता, हें सोबत नसेल तर तो आंकडा शिक्का नसलेल्या सनदेसारखा होय. त्यावर निवाडा करितां येत नाहीं.

सरकारी दफ्तर सरकारनेंच जतन करावयाचें आहे. १९४८ व १९६२ च्या अणुशक्ति-कायद्यांनीं त्यावर गुप्ततेचें बंधन घातलें होतें, आणि तशा कागदांच्या वाटेस कोणाहि संग्राहकानें जाऊं नये, हें आम्ही स्पष्ट सांगतों. परंतु दफ्तराबाहेरहि पुष्कळ साहित्य असतें. पेण, रोहें, नागोठणें, अलिबाग या भागांतील ज्या घरांतून कोणी तुर्भ्यास किंवा थळास कामास होते, त्या घरांत खाजगी पत्रें, शिकाऊपणाच्या टिपणवह्या, समारंभांच्या निमंत्रणपत्रिका, छायाचित्रें, निवृत्तीच्या वेळचीं भाषणें असण्याचा संभव आहे. घरें पाडून नवीं बांधतांना असा गठ्ठा रद्दींत जातो, आणि मोडी रुमालास जो मान मिळतो तो त्यास मिळत नाहीं.

यास्तव आमची विनंति अशी आहे : असें साहित्य हातीं आल्यास तें जसेंच्या तसें ठेवावें, पानांचा क्रम बदलूं नये, कोणाच्या घरीं, कोणत्या गठ्ठ्यांत व कोणत्या दिवशीं मिळालें हें वेगळ्या कागदावर लिहून ठेवावें, आणि तें कोणत्या वर्गांतील आहे याविषयीं शंका असेल तर प्रथम योग्य अधिकाऱ्यांस दाखवावें. म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी लिहून घेतांना, त्यांनीं स्वतः काय पाहिलें आणि दुसऱ्याकडून काय ऐकिलें, हें दोन निराळ्या स्तंभांत मांडावें. राजवाडे यांनीं अस्सल कागदांविषयीं जी शिस्त घालून दिली, तीच येथेंहि लागू आहे.

ओक्लोच्या भट्टीनें आपला हिशेब पाषाणांत ठेविला, म्हणून तो २०० कोटि वर्षांनीं वाचतां आला. सायरसचें इंधन काढून, विरघळवून, वेगळें करण्यांत आलेलें असल्यामुळें तिच्या बाबतींत तशी सोय राहिलेली नाहीं. तिची बखर माणसांच्या हातच्या नोंदींतच आहे. त्या राहिल्या तरच ती राहणार.